माझ्या १५ वर्षांच्या पुतणीच्या योनीचा पडदा जन्मतः बंद आहे. ऑपरेशननं कौमार्य जातं का? डॉक्टरांकडून तसं लिहून घ्यावं का? खर्च किती येतो?

नाही जात, दादा. आणि लिहून तर अजिबात घेऊ नका.

माझ्या लेकीचं अगदी हेच झालं होतं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. अंग भरलं तरी पाळी नाही, पण दर महिन्याला ओटीपोट धरून लोळायची. जंताच्या गोळ्या झाल्या, उतारा झाला. पोट पुढे दिसू लागलं तशा कापूस वेचताना बाया कुजबुजायला लागल्या. एका रात्री लघवीच अडली, तेव्हा काळीपिवळी करून दवाखाना गाठला. सोनोग्राफीत कळलं, पाळी येतच होती. पडद्याला भोक नाही म्हणून रक्त आत साचलं आणि त्या फुगाऱ्यानं लघवीची वाट दाबली. ऑपरेशनात काकवीसारखं काळं, घट्ट रक्त निघालं, असं सिस्टर म्हणाल्या.

सहीच्या वेळी भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, आडवे आले. "उद्या पोरीले कोन करीन? पडदा ऑपरेशननं गेला, असं डॉक्टरकडून लिहून घ्या." पोरगी नळी लावून कळवळतेय आणि ह्यांना सोयरिकीची पडली! मी त्यांच्यासमोरच सही केली, कागद मागितला नाही. ते अजून ऐकवतात.

पडदा बघून मुलगी कुणाजवळ गेली की नाही, हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. प्रत्येकीचा पडदा वेगळा, पहिल्या वेळी रक्त न येणाऱ्याही पुष्कळ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच ही कौमार्य चाचणी बंद करा म्हटलंय. बलात्कार झालेल्या बाईची योनीत दोन बोटं घालून तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं. आपल्या सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी पाठपुरावा केला, म्हणून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्य विद्यापीठानं 'कौमार्याची लक्षणं' एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढली. मग डॉक्टरनं कागद द्यायचा कशाचा? तो मागणं म्हणजे घरच्यांनीच पोरीवर संशय घेणं. भासऱ्यांना हे पटत नाही, तुमच्या घरच्यांना तरी पटवा. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव असतं, तेवढं बस.

खर्चाचं खाजगीतलं मला माहीत नाही, आमचं सरकारीत झालं. मात्र नुसती सुई टोचून रक्त काढू देऊ नका. भोक पुन्हा बुजतं, आत इन्फेक्शन होतं. कधी अडथळा पडद्याच्याही वर असतो, त्याचं ऑपरेशन वेगळं, म्हणून आधी सोनोग्राफी हवीच. आणि पुतणीला लघवी अडत असेल तर घरच्यांची समजूत नंतर काढा, तिला आजच न्या.