कौल 'येत' नाही

एका वाचकाने विचारलं आहे: "रात्री जेवताना एकदम आठवण झाली म्हणून आजारी मावशीला फोन केला. ती सकाळपासून माझीच वाट बघत होती. हे लिहून काढताना मी 'मला देवाचा कौल आला' असं लिहिलं. बरोबर आहे का?"

नाही. आणि हा 'कौल आला' हल्ली इतका कानावर पडतो की राग येतो. नोकरी सोडली, कौल आला. जागा घेतली, कौल आला. अहो, कौल मागावा लागतो! तो मागतात, लावतात, घेतात आणि देव तो देतो. वर्तमानपत्रं 'मतदारांचा कौल' लिहितात ते अगदी योग्य आहे, कारण तिथे मागणारा आहे आणि देणाराही.

शब्द अरबी. मूळ 'क़ौल', म्हणजे बोल, दिलेला शब्द. 'कव्वाल' आणि 'कव्वाली' त्याच धातूची लेकरं. 'कबूल'शी मात्र त्याचं नातं नाही, त्याचा धातू वेगळा. घरावरच्या कौलाशी जोडणारेही भेटतात. त्यांनी एवढंच पाहावं: ते कौल, हा कौल. लिंगच वेगळं.

खरी गंमत जुन्या कागदपत्रांत आहे. लढाईने, दुष्काळाने गाव उठून गेलं की सरकार रयतेला कौल देई: परत या, जमीन लागवडीला आणा, पहिली काही वर्षं सारा कमी घेऊ, मग दरसाल थोडा थोडा वाढवू, कोणी उपद्रव देणार नाही. तो कौलनामा. हाती कौल पडला की माणूस बायकोपोरांसह ओसाड गावात परत पाऊल टाकी. म्हणजे कौल हे भाकीत नव्हतं. तो धीर होता, आणि घेणाऱ्याच्या गळ्यात पडलेलं कामही होतं.

आता कोकणातल्या देवळात चला. गुरव पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या किंवा कळे चिकटवतो. गाऱ्हाणं घालतो, भोवतीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. मग सगळे गप्प. पाणी सुकत जातं, एक कळा जरा खाली सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. लहानपणी मी काकांच्या मांडीवर बसून हे पाहिलं आहे. विहीर खणायची की नाही, एवढाच प्रश्न होता. डावीकडचा कळा पडला. काकांनी हात जोडले, त्या वर्षी कुदळ लावली नाही.

इथली भाषा ऐका. देव 'म्हाराजा'. देव हुकूम देतो. भोवती मानकरी उभे, देवाची चाकरी करणारे वेगळे. हा दरबार आहे! माझं ठाम मत असं की कोकणाने ग्रामदेवतेला गावाचा राजा मानलं आणि राजाकडे जे मागायचं तेच देवाकडे मागितलं: कौल. पडलेली पाकळी म्हणजे देवाने करून दिलेला कौलनामा. संस्कृतचे काही अभिमानी या कौलाची नाळ 'कुल' शब्दाशी, शाक्तांच्या, म्हणजे देवीच्या तांत्रिक उपासकांच्या, कौलमार्गाशी जोडतात. पण मग देवळातला कौल 'मागतात' आणि 'देतात' कशाला? कौलमार्गात कोण कोणाकडे काय मागतो? यवनी शब्द गाभाऱ्यात कसा गेला, ही त्यांची खरी अडचण. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. देवळातल्या कौलाला कोणी हात लावला नाही, आणि देवाचंही काही अडलं नाही.

तर मावशी. तुम्ही काही मागितलं नव्हतं, कोणी साक्षीला नव्हतं. तेव्हा तो कौल नव्हे. स्वप्नात देव दिसून बोलला असता तर 'दृष्टांत झाला' म्हटलं असतं. फोन केल्यावर मावशी वाट बघत होती असं कळलं, ती 'प्रचीती'. पण त्याआधी, घास हातात असताना जे झालं, त्याला मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे: सुचणं. व्याकरण पाहा. 'मी सुचलो' नाही, 'मी सुचवलं' नाही, 'मला सुचलं'. करणारा मी नाही, माझ्याकडे ते येऊन पोचलं. सूचना शब्द त्याच घरातला. सूचना आली की ती कोणाची तरी असते, आणि ती पाळायची असते.

तुकोबांच्या स्वप्नात पांडुरंगाला घेऊन नामदेव आले, तेव्हाचं क्रियापदही असंच साधं आहे. कौल नाही, संकेत नाही. 'सांगितलें काम'.

तुम्ही लिहा: "देवाने सुचवलं, म्हणून मावशीला फोन केला." ताट तसंच ठेवून उठला असाल, तर तेही लिहा.