जुन्या चिऱ्याच्या घरात वायफाय सगळीकडे कसं पोचवायचं?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात पेडण्याला आजोबांचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे, राउटर पुढच्या सोप्यात आहे आणि मागच्या खोल्यांत काहीच येत नाही. दोन हजारांच्या आत कोणता बूस्टर घ्यावा असं विचारलंय, आणि शेवटी म्हटलंय, "की असल्या जाड भिंतींच्या घरात वायफाय चालतच नाही?"

त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. चालतं. फोंड्याजवळचं आमचं घर तुमच्या घरासारखंच आहे. दोन-दोन फुटांच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मधे राजांगण, म्हणजे वर उघडं असलेलं चौकोनी अंगण, आणि त्याच्या चारी बाजूंना खोल्या. आज देवघरापासून मागच्या न्हाणीपर्यंत कुठेही बसून व्हिडिओ कॉल करता येतो. पण त्याआधी वर्षभर मी एकच वाक्य ऐकत होते: "ह्या घरात काही व्हायचं नाही."

२०२० च्या जूनमध्ये लेकीचे वर्ग मोबाईलवर सुरू झाले. फायबरची तार खांबावरून आली ती पुढच्या खिडकीपाशी, आणि जोडायला आलेल्या माणसाने डबा तिथेच ठोकला. लेकीची खोली स्वयंपाकघराला लागून, अगदी मागे. मग ती पडवीत पाट घेऊन बसायची. बाहेर पागोळ्या, अंगावर तुषार, आणि कौलांवरच्या पावसात बाईंचा आवाज ऐकू येईना. गोव्यात शंभर इंचांवर पाऊस पडतो, त्यातला निम्मा तिने तसाच काढला असेल.

आम्ही रिपीटर आणला, म्हणजे तुम्ही म्हणता तो बूस्टर, राउटरचा सिग्नल घेऊन पुढे देणारा डबा, आणि तिच्याच खोलीत लावला. मोबाईलवर लगेच सगळ्या दांड्या भरल्या, वर्ग मात्र आधीसारखाच अडखळत चालला. हे नीट समजून घ्या, कारण तुमचे दोन हजार ह्यातच वाचणार आहेत. मोबाईल ज्या दांड्या दाखवतो त्या त्याच्या आणि रिपीटरच्या मधल्या. रिपीटरला पुढच्या राउटरकडून किती मिळतंय ते त्यात दिसत नाही. जिथे काही पोचतच नाही तिथे रिपीटर लावला तर तो पुढे काय देणार? शिवाय साधा रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. आम्ही दुसरा आणला, तो मधल्या खोलीत लावला. आता घरात तीन नावं झाली आणि लेकीचा फोन हट्टाने सगळ्यात लांबच्या नावाला चिकटून राहायचा.

पुढच्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मोठे भाऊजी पुण्याहून आले. येताना मेशचे, म्हणजे एकमेकांशी जोडून सगळ्या घरात एकच वायफाय देणारे, तीन महागडे डबे घेऊन आले, प्रेमाने आणले हे मी कधीच नाकारलं नाही. पण ते तिन्ही डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणारे, आणि मधे पावसाने भिजलेल्या दोन-दोन भिंती. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि पाणी ह्या लहरी शोषून घेतं. घरात तीस-पस्तीस माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. आरतीचं चित्र मुंबईच्या आत्यांना दिसेना. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधता बांधता भाऊजी म्हणाले, "हे घर म्हणजे किल्ला झालाय. पाडू आणि स्लॅब घालू, दोन्ही भावांना सुटसुटीत भाग होतील." सासूबाई हातातली आंब्याची डहाळी खाली ठेवून आत निघून गेल्या. त्या घरात त्या नवरी म्हणून आल्या होत्या. मी तेव्हा गप्प बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

विसर्जन झालं, मंडळी परतली आणि मी मोजायला घेतलं. मोबाईलवर सिग्नल डीबीएममध्ये (ताकदीच्या मापात) दाखवणारी फुकट अ‍ॅपं मिळतात. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. तीन आकडे खाली गेलं की ताकद निम्मी होते, दहा खाली गेलं की एक दशांश. राउटरच्या खोलीत उणे ४८, शेजारच्या खोलीत उणे ७१, लेकीच्या खोलीत उणे ८६. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात सहा हजार पटींचं अंतर! व्हिडिओ कॉल सुरळीत चालायला साधारण उणे ६७ पर्यंत तरी हवं.

मग सहज म्हणून राउटर उचलून राजांगणाकडच्या दारात ठेवला आणि समोरच्या पडवीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. बारा मीटर तरी असेल. आकडा उणे ५८! लेकीच्या खोलीच्या दारातही जवळपास तेवढाच. म्हणजे लांबी आड येत नव्हती, भिंती येत होत्या, आणि आमच्या पूर्वजांनी घराच्या मधोमध भिंतीच नसलेली जागा सोडून ठेवलेली होती. प्रत्येक खोलीचं दार तिथेच उघडतं. उजेड आणि वारा ज्या वाटेने आत येतो त्याच वाटेने वायफायही येतं.

आता प्रश्न राहिला पुढच्या खिडकीपासून राजांगणापर्यंत तार नेण्याचा. त्यासाठी भिंतीला भोक पाडावं लागलं नाही. आमच्या मधल्या भिंती कौलांपर्यंत पोचत नाहीत, वर हात जाईल एवढी फट आहे. तिथूनच पूर्वी लाकडी पट्टीवर ठोकून विजेची तार नेलेली आहे. वीज आली तेव्हा घर पाडा असं कुणी म्हटलं नव्हतं. वाड्यावरचा वायरिंग करणारा मुलगा आणि मी, एका दुपारी चाळीस मीटर कॅट ६ (नेटवर्कची) केबल नेली. दीड हजारांच्या आत काम झालं. शंभर मीटरपर्यंत ही केबल वेग जराही कमी न करता नेते. फक्त घेताना निखळ तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त मिळते ती नको. विजेच्या तारेपासून हातभर लांब ठेवा, आणि कौलांखाली उंदीर-खारी असतातच, तेव्हा पीव्हीसी पाइपातूनच न्या.

दुसऱ्या टोकाला आमचाच जुना राउटर जोडला. त्याचं डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटायचं काम, ते पहिला राउटर करतोच) बंद केलं, त्याला वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) दिला आणि केबल इंटरनेटच्या नव्हे तर लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) खाचेत घातली. नाव आणि पासवर्ड पहिल्या राउटरचेच ठेवले, म्हणजे फोनला दोन्ही एकच वाटतात. वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १ दिलं, दुसऱ्याला ११. ह्या पट्ट्यात १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांवर चढत नाहीत, मधले काहीतरी देऊ नका. ५ गिगाहर्ट्झ वेगाला चांगलं पण भिंतीला लवकर हार खातं, म्हणून ते पडवीत आणि दार उघडं असलेल्या खोल्यांत वापरायचं. डबा पडवीच्या खांबावर, वाशाखाली, पागोळ्या लागणार नाहीत अशा जागी आहे.

भाऊजींचं अजूनही म्हणणं आहे की हा जुगाड आहे, नव्या घरात असलं काही करावं लागलं नसतं. हे साफ चुकीचं आहे. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांचं जाळं असतं, म्हापशाला माझ्या माहेरच्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर हीच बोंब होती आणि तिथेही जिन्यातून तार नेल्यावरच सुटली. घर जुनं असो की नवं, मधे जाड भिंती किंवा स्लॅब आला की लांबच्या खोलीपर्यंत तार नेलेलीच बरी. जुनं घर पाडायचं असेल तर दुसरं कारण शोधा, वायफायचं नाव पुढे करू नका. तुमच्या घरातही कुणीतरी हे बोलत असणार, तुमच्या प्रश्नावरूनच मला ते जाणवलं.

बूस्टर घ्यायचाच असेल, तर मागच्या खोलीत लावू नका. जिथे अजून उणे ६० ते ६५ मिळतंय अशा मधल्या जागी लावा, आणि दोन्ही पट्टे चालणारा, लॅनची खाच असलेला घ्या, म्हणजे पुढे तार आणली की तोच डबा कामी येईल.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. काहीही विकत घेण्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग पाहा. तिथेच कमी असेल तर दोष लाइनचा आहे, त्याला घरात काही करून उपयोग नाही. आणि गोठा किंवा बाहेरची खोली वेगळी असेल तर दोन इमारतींच्या मधे तांब्याची तार टाकू नका. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजांत दोन्हीकडचे डबे जळतात. तिथे फायबर टाका, काचेतून वीज वाहत नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग मात्र काढायचाच.

भाऊजींचे मेशचे डबे मी फेकले नाहीत. त्यांतला एक आता केबलला जोडून सासूबाईंच्या खोलीत ठेवलाय आणि उत्तम चालतो.

तुमच्या घराला राजांगण आहे का, आणि मधल्या भिंती कौलांपर्यंत जातात का, एवढं बघून लिहा. किती मीटर केबल लागेल आणि डबा कुठे टांगायचा ते सांगते.