सहा वर्षांच्या गॅपनंतर स्टाफ नर्सचा इंटरव्ह्यू आहे, तयारी कशी करू?

ताई, सहा वर्षं लेकरांपायी घरी होते हे मॅट्रनपुढं, म्हणजे मुख्य नर्सपुढं, सरळ सांगा, मान खाली घालू नका. मी पण पाच वर्षांनी लातूरला परत जॉइन झाले, गॅपचं एकदाच विचारलं आन् लगेच हिशोब घातला, ५०० एमएल सलाईन ४ तासात, २० थेंबाचा सेट (म्हणजे एक एमएलला २० थेंब), मिनिटाला किती? ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे जवळपास ४२ थेंब. असे रोज पाच-सहा वहीत सोडवा, येतंय वाटतं पण ऐनवेळी सुचत नाही बघा. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देणं, त्यात ३० दाब २ श्वास, वेग मिनिटाला १०० ते १२०, घरी उशीवर घड्याळ लावून करा म्हणजे हाताला सवय होते. दवाखान्यातला कुठला कचरा कुठल्या रंगात टाकायचा हे हमखास येतं, सुई पांढऱ्या डब्यात, आयव्ही सेट (सलाईनची नळी) लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काचेच्या व्हायल निळ्यात.

आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आजच कपाटातून काढून तारीख बघा, संपलं असेल तर रिन्यूअलला आधी टाका, बाकी सगळं नंतर. नाईट ड्युटी जमेल का हे विचारणारच, घरच्यांशी बोलून मगच हो म्हणा.