विज्ञान धोरणाच्या अर्थशास्त्रात काम करायचे, तर विज्ञानाची पदवी लागते का?

तुम्ही विचारले आहे की, अर्थशास्त्रात एम.ए. करत असताना नवोन्मेष आणि विज्ञान धोरण हा विषय निवडला तर पुढे नेमके काम काय असते आणि त्यासाठी विज्ञानाची पदवी लागते का. मी गेली चौदा वर्षे याच विषयात आहे. माझ्याकडे विज्ञानाची पदवी नाही. बारावीनंतर प्रयोगशाळेत पाऊल टाकले ते थेट प्रश्नावली हातात घेऊनच. पदवी लागत नाही, पण ज्या धंद्याविषयी आपण लिहितो तो जवळून पाहण्याची चिकाटी लागते, आणि ती नसेल तर इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे तंत्र, कितीही उत्तम येत असले तरी हाती फारसे काही लागत नाही.

ही चिकाटी म्हणजे काय, ते झ्वी ग्रिलिकेस या अर्थतज्ज्ञाच्या कामात दिसते. अमेरिकेतील संकरित मक्याच्या प्रसाराविषयीचा त्याचा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोवाच्या शेतकऱ्यांनी हे बियाणे झपाट्याने स्वीकारले आणि अलाबामाचे शेतकरी बरीच वर्षे मागे राहिले, तेव्हा दक्षिणेकडचे शेतकरीच मागासलेले, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ग्रिलिकेसने दाखवले की संकरित वाण प्रत्येक भागासाठी वेगळे तयार करावे लागते आणि जिथे बियाण्याची बाजारपेठ मोठी, तिथे ते आधी पोहोचते. पुढे शेतकरी ते किती वेगाने स्वीकारतो, हे बरेचसे नफ्यावर ठरते. नंतर त्याने या संशोधनावरील खर्चाचा परतावा काढला, तो वर्षाला किमान ७०० टक्के. अर्थात, यशस्वी ठरलेले संशोधन निवडून मोजले की आकडा मोठा येणारच.

आपल्याकडे १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. ते खरिपात पसरले, रब्बीत मात्र मालदांडी हे जुने वाण टिकून राहिले. आमच्या घरी हायब्रीड विकायला आणि शाळू खायला, असा सरळ हिशेब होता. हायब्रीडची भाकरी आजीने पानात वाढू दिली नाही. एकरी उत्पादनाच्या तक्त्यात ही आजी कुठेच नसते.

आता रोजच्या कामाविषयी. त्यातला फार मोठा भाग मोजण्याचा असतो, आणि मोजण्याआधी काय मोजायचे हे ठरवण्याचा. १९६३ मध्ये रोमजवळच्या फ्रास्काती गावी तज्ज्ञांची बैठक झाली आणि संशोधन व विकासावरील खर्च कसा मोजावा, याची नियमावली तिथे आकाराला आली. तिचा मसुदा करणाऱ्या क्रिस्टोफर फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने १९६६ मध्ये ससेक्स विद्यापीठात विज्ञान धोरणाचे संशोधन केंद्र स्थापन केले. आजच्या नियमावलीनुसार एखादे काम संशोधन ठरण्यासाठी ते नवे, सर्जनशील, फलिताविषयी अनिश्चित, पद्धतशीर आणि इतरांना पुन्हा करून पाहता येण्याजोगे असावे लागते.

या पाच कसोट्या वाचायला सोप्या वाटतात. पुण्याजवळच्या भोसरीतील एका छोट्या कारखान्यात मी सर्वेक्षणासाठी गेलो होतो. मालकांनी संशोधनाच्या खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिले आणि म्हणाले, ‘साहेब, आपल्याकडे कुठलं संशोधन? आपण जॉब करून देतो.’ त्यांच्या मागच्या फळीवर एकाच फिक्स्चरचे, म्हणजे काम करताना सुटा भाग पक्का धरून ठेवणाऱ्या साधनाचे, सहा नमुने ओळीने मांडलेले होते. पहिले पाच फसले होते आणि सहाव्याने नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण निम्म्यावर आणले होते. काम नवे होते, सर्जनशील होते, जमेल की नाही याची खात्रीही नव्हती. पण एका ओळीचीही नोंद नव्हती, सगळे फोरमनच्या डोक्यात. मी शून्यच नोंदवले. नियमाने ते बरोबर होते, तरी परतताना चुटपुट लागून राहिली.

भारताचा संशोधन-विकासावरील खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, तर दक्षिण कोरियाचा ४ टक्क्यांच्या वर. भोसरीतील शून्ये दुरुस्त केली तरी ही दरी बुजणार नाही, कारण आपल्याकडे खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के आहे आणि खरे दुखणे तिथे आहे. ते का, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून या विषयात तुमच्यासारख्यांना जागा आहे.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे मात्र आधीच सांगतो. अर्थशास्त्राचे बरेच विभाग हा विषय आडवाटेचा समजतात. तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज, जेएनयूतील विज्ञान धोरणाचे केंद्र आणि दिल्लीतील सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) निस्पर ही विज्ञान धोरणावर काम करणारी संस्था आधी पाहा; परदेशात इंग्लंडमधील ससेक्स आणि नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट.

एम.ए.च्या प्रबंधासाठी घराजवळचा एखादा उद्योग निवडा आणि त्याची पेटंटे गोळा करा. एकाच कंपनीचे नाव पाच-सहा प्रकारे लिहिलेले सापडेल, कुठे ‘प्रायव्हेट’, कुठे ‘प्रा.’, कुठे चक्क चुकीचे स्पेलिंग. पहिला महिना ही नावे जुळवण्यात जाईल. ते काम कोणाला पैसे देऊन करून घेऊ नका, स्वतः करा. कोणती कंपनी कोणाची आहे, हे तिथेच कळते.