पृथ्वीसारखा ग्रह टिपणारा अवरक्त इंटरफेरोमीटर रचताना खरी अडचण कोठे येते?

तुमचे दोन प्रश्न आहेत: जवळच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे चित्र मिळवण्यासाठी एकच मोठा आरसा का वापरत नाहीत, आणि अनेक दुर्बिणी जोडणारे उपकरण, म्हणजे इंटरफेरोमीटर, रचताना सर्वांत अवघड काय असते.

पहिल्याचे उत्तर हिशेबातच मिळते. ३३ प्रकाशवर्षांवरून पाहिल्यास पृथ्वी सूर्यापासून जेमतेम ०.१ आर्कसेकंदावर (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दिसेल. दृश्य प्रकाशात सूर्य तिच्या सुमारे हजार कोटी पट तेजस्वी असतो. १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास मात्र पृथ्वी स्वतःच्या उष्णतेने प्रकाशते आणि हे प्रमाण सुमारे एक कोटीवर येते. ओझोनची ९.६ मायक्रॉनची आणि कार्बन डायऑक्साइडची १५ मायक्रॉनची वर्णपटातील खूणही याच टापूत आहे. पण तरंगलांबी वाढली की तेवढाच बारकावा टिपायला आरसाही त्याच प्रमाणात मोठा लागतो, म्हणजे येथे २० मीटरपेक्षा मोठा, आणि तोही अंतराळात थंड ठेवलेला. त्यापेक्षा लहान दुर्बिणी दूर दूर ठेवून त्यांचा प्रकाश एकत्र आणणे सोयीचे पडते.

आता अवघड भागाकडे येतो. रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९७८ मध्ये सुचवलेली युक्ती अशी, की दोन दुर्बिणींच्या प्रकाशांपैकी एकाची कला (तरंगाच्या चढउताराची स्थिती) १८० अंशांनी उलटवून ते मिसळायचे, म्हणजे अगदी समोरचा तारा विझतो, तर किंचित बाजूला असलेल्या ग्रहाचा प्रकाश दोन्हींकडे एकाच वेळी पोहोचत नसल्यामुळे उरतो. कागदावर हे दोन ओळींचे गणित आहे. प्रयोगशाळेतील टेबलावर मी ते पहिल्यांदा करून पाहिले, तेव्हा एका किरणाच्या वाटेखाली नुसता तळहात धरला तरी वर चढणाऱ्या गरम हवेने व्यतिकरणाचे पट्टे (दोन झोत मिसळल्यावर उमटणारे उजेड-अंधाराचे पट्टे) सरकू लागत. मांडणीवर खोका झाकला, तर शेजारच्या पंपाची थरथर दिसू लागली.

तारा एक लाखांशापर्यंत विझवायचा असेल, तर १० मायक्रॉनला दोन्ही मार्गांच्या लांबीतील चूक १० नॅनोमीटरच्या आसपास रोखावी लागते आणि दोन्ही झोतांची तीव्रता साधारण एक टक्क्यापर्यंत जुळवावी लागते. हे सगळे पूर्ण तरंगलांबी-पट्ट्यात एकाच वेळी साधायचे असते, म्हणून एक मार्ग नुसता लांबवून भागत नाही. ती दुरुस्ती एकाच तरंगलांबीला अचूक बसते. तरंगाग्रावरच्या, म्हणजे पुढे सरकणाऱ्या प्रकाशतरंगाच्या पृष्ठभागावरच्या, सुरकुत्या काढण्यासाठी प्रकाश सिंगल-मोड फायबरमधून (एकाच आकाराचा तरंग पुढे जाऊ देणाऱ्या बारीक प्रकाशतंतूतून) नेतात, म्हणजे त्या सुरकुत्यांचे रूपांतर तीव्रतेच्या घटीत होते आणि घट जुळवणे तुलनेने सोपे असते.

एवढे करूनही ताऱ्याला स्वतःचा व्यास असतो. वरच्या उदाहरणात दुर्बिणी १० मीटर अंतरावर ठेवल्या, तर त्याच्या कडांचा प्रकाश सुमारे एक लाखांश गळतो, म्हणजे ग्रहाच्या शंभरपट. त्यात ताऱ्याभोवतीच्या धुळीचे तेज मिसळते. ॲरिझोनातील लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपच्या इंटरफेरोमीटरने मुख्यतः हीच धूळ मोजली. चार दुर्बिणींची मांडणी करून दोन उलट कलास्थितींमधील फरक घेतला की केंद्राभोवती सममित असलेला प्रकाश वजा होतो. मात्र मधल्या काळात उपकरण जराही सरकले, तर तो फरक ग्रहासारखाच दिसतो. म्हणून माझ्या मते तारा किती खोल विझला यापेक्षा तो किती स्थिरपणे विझलेला राहिला, हे आधी पाहावे.

चिलीतील पारानाल येथील ग्रॅव्हिटी या उपकरणाने २०१९ मध्ये एचआर ८७९९ ई हा ग्रह पकडला, पण तो तरुण, तापलेला वायुग्रह आहे आणि निरीक्षण २ मायक्रॉनच्या आसपासचे होते. युरोपचा डार्विन हा अंतराळ प्रकल्प २००७ मध्ये थांबला. आता लाइफ या नावाने तशीच चार दुर्बिणींची कल्पना मांडली जात आहे.

'चित्र' या शब्दाबद्दलही थोडा खुलासा करतो. दुर्बिणींचा संच दृष्टिरेषेभोवती फिरत असताना ग्रहाचा प्रकाश वरखाली होतो, आणि त्या आलेखावरून ग्रहाची जागा गणिताने काढावी लागते. हाती येतो तो एक ठिपका आणि त्याचा वर्णपट.