मारिओने उडी मारली की गाण्यातला एखादा सूर गायब का होतो?

सूर गायब होतो कारण उडीचा आवाज त्याच सुराचं चॅनल, म्हणजे एका वेळी एकच आवाज काढणारी वाट, तात्पुरतं बळकावतो. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल घ्या. हा गेम निन्टेन्डोच्या ज्या मशीनवर चालायचा, त्याच्या साउंड चिपमध्ये एकूण पाचच चॅनल: दोन पल्स (चौकोनी लहरीचा धारदार आवाज), एक ट्रँगल (त्रिकोणी लहरीचा मऊ आवाज), एक नॉइज (खरखर) आणि एक रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या नमुन्यांसाठी. हे पाचवं या गेममध्ये वापरलेलंच नाही. संगीतकार कोजी कोंडोंनी मुख्य चाल आणि तिची जोड दोन पल्सवर, बास ट्रँगलवर आणि ठेका नॉइजवर बसवला. पण इफेक्टसाठी वेगळी जागा उरलीच नाही. म्हणून उडीचा ‘ट्वँऽप’ एक पल्स घेतो, नाण्याचा ‘टिंग-टिंऽऽग’ दुसरं. वीट फुटली की नॉइज जातो, ठेका क्षणभर थांबतो. बासला मात्र कोणी हात लावत नाही, त्यामुळे गाणं तुटल्यासारखं वाटत नाही. शिवाय इफेक्ट चालू असतानाही गाण्याची मोजणी आत चालूच राहते, म्हणून सूर परततो तो बरोबर पुढच्या जागी. फार हुशारीची तडजोड! एमुलेटरमध्ये (जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एकेक चॅनल म्यूट करून ऐका, लगेच कळेल. मी तसंच शोधलं.

फक्त एक, हे मूळ आवृत्तीबद्दल आहे. १९९३ ची सुपर निन्टेन्डोवरची आवृत्ती आठ चॅनलच्या चिपवर वाजते. आणि आपल्याकडच्या स्वस्त नकली व्हिडिओ गेमवर ऐकलं असेल, तर काहींत पल्सचा पोतच वेगळा असतो, चाल जरा चिरकी लागते.