कारवान हाउंड सदनिकेत पाळता येईल का, आणि शोसाठी त्याला कसे तयार करावे?

आपण विचारले आहे की पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहून कारवान हाउंडचे, म्हणजे नजरेने शिकार हेरून धावणाऱ्या देशी जातीच्या कुत्र्याचे, पिल्लू सांभाळता येईल का, पिल्लू घेताना काय पाहावे, आणि वर्षभरात त्याला डॉग शोच्या रिंगमध्ये उभे करायचे असेल तर दोन महिने प्रशिक्षकाकडे ठेवावे का. लातूर जिल्ह्यातील आमच्या शेतावर आजोबांच्या काळापासून हे कुत्रे आहेत. गेली 14 वर्षे मी स्वतः त्यांना वाढवते आहे आणि त्यांतील काही शोमध्येही नेले आहेत, त्या अनुभवावरून सांगते. सदनिकेत हा कुत्रा राहू शकतो, पण त्याला प्रशिक्षकाकडे ठेवायला पाठवू नका. रिंगमध्ये कसे उभे राहायचे हे शिकवण्याच्या फार आधी त्याला एकच गोष्ट पक्की शिकवा, ती म्हणजे हाक मारल्यावर परत येणे.

आधी नावाचा घोळ दूर करते, कारण पिल्लू शोधताना तो आपल्याला पदोपदी भेटेल. आमच्याकडे गुळगुळीत, आखूड केसांच्या कुत्र्याला कारवानी म्हणतात आणि कानांवर, पायांवर व शेपटीवर रेशमी झुपके असलेल्याला पश्मी. सीमेपलीकडे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात हाच कुत्रा मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, म्हणून ते नाव रुळले, आणि 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली तेव्हा त्यातही मुधोळ हेच नाव होते. कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था मात्र या जातीची नोंद कारवान हाउंड अशी करते. त्यामुळे दोन विक्रेते या दोन निराळ्या जाती असल्याचे सांगून निराळे भाव लावत असतील, तर तिथून निघून यावे.

कागदपत्रांविषयी. केनेल क्लबकडे नोंदवलेल्या पिल्लाला वंशावळीचा दाखला मिळतो, आणि त्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा 15 अंकी क्रमांक त्या दाखल्याशी जुळायला हवा. यंत्र लावून तो क्रमांक आपल्या डोळ्यांसमोर वाचून घ्यावा. गावाकडचे कित्येक उत्तम कुत्रे मात्र कुठल्याही नोंदीविना वाढतात. कागद नाही एवढ्याच कारणाने ते अशुद्ध ठरत नाहीत, आणि कागद आहे म्हणून कुत्रा निरोगी असतोच असेही नाही. मी कागदापेक्षा आई पाहते. 2017 च्या केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते, दोन महिने पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही आणि एका कुत्रीकडून वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. तीस-पस्तीस दिवसांचे पिल्लू घेऊन जा, असा आग्रह करणारे लोक भेटतात. पिल्लू लहान असताना नेले की त्याला माणसाचा लळा लागतो, असे ते सांगतात, पण ते खरे नाही. चावा किती जोरात घ्यायचा, दुसरा विव्हळला की कुठे थांबायचे, हे पिल्लू त्याच आठवड्यांत आईकडून आणि भावंडांकडून शिकते, आणि तो धडा नंतर आपल्याला देता येत नाही.

आता घराविषयी. धावण्यासाठी घडलेला कुत्रा सदनिकेत अस्वस्थ होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात धावून आलेला कारवानी दिवसाचा बराचसा भाग झोपून काढतो, विनाकारण भुंकत नाही आणि घरात मांजरासारखा वावरतो. त्याच्या अंगावर चरबी नसते, म्हणून फरशीवर झोपवल्यास कोपरांना घट्टे पडतात आणि पुढे जखमा होतात. त्याला जाड अंथरूण लागते आणि पुण्याच्या थंडीत रात्री झूलही लागते. सदनिकेमुळे खरी अडचण होते ती धावण्याची. रोजच्या दोन फेऱ्यांशिवाय आठवड्यातून किमान दोन-तीन वेळा, चारही बाजूंनी कुंपण असलेल्या जागेत, त्याला मोकळे धावता आले पाहिजे. एखाद्या मित्राची शेतघराची जागा असो किंवा सकाळी रिकामे असलेले भिंतीचे मैदान असो, अशी जागा आधी शोधा आणि पिल्लू नंतर शोधा. जागा मिळाली नाही तर मी आपल्याला हा कुत्रा घेऊ नका असेच म्हणेन.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच्या कण्या आणि दूध-ताकावर हे कुत्रे वाढले, पण वाढत्या पिल्लाला त्यात प्रथिने कमी पडतात, म्हणून अंडी आणि शिजवलेले मांस द्यावे किंवा चांगले तयार खाद्य घ्यावे. छाती खोल असल्याने पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, त्यामुळे जेवण दोन-तीन वेळा विभागून द्यावे आणि जेवणानंतर लगेच धावू देऊ नये. सोसायटीतील लोक मात्र आपल्याला रोज एक प्रश्न विचारतील, की याला खायला देत नाही का. तब्येतीत असलेल्या कारवानीच्या मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे सहज दिसतात आणि मांडीचा स्नायू हाताला दगडासारखा घट्ट लागतो. लोकांच्या बोलण्याने कुत्रा लठ्ठ करू नका, त्याचे सांधे ते वजन पेलण्यासाठी घडलेले नाहीत.

आता हाकेकडे येते. लॅब्रेडॉरला माणसासाठी काहीतरी करायला आवडते, म्हणून तो लवकर शिकतो. कारवानी मुद्दाम हट्ट करत नाही. शिकार नजरेने हेरायची आणि मालकाच्या हुकुमाची वाट न पाहता तिच्या मागे सुटायचे, यासाठीच त्याची निवड शेकडो वर्षे होत आली आहे. तो पूर्ण वेगात धावतो तेव्हा एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. एखादे मांजर दोनशे फुटांवर रस्ता ओलांडताना त्याला दिसले तर आपण त्याचे नाव पूर्ण उच्चारण्याआधी तो रस्त्यावर पोहोचलेला असतो. शहरात हे कुत्रे बहुधा गाडीखाली मरतात, आणि त्याला कारण निसटलेला पट्टा किंवा न ऐकलेली हाक एवढेच असते.

पट्ट्याचा उपाय सोपा आहे. या कुत्र्याची मान डोक्याइतकीच रुंद असते, त्यामुळे साधा पट्टा त्याने मान मागे खेचताच डोक्यावरून सरकून निघतो. ओढ बसली की मर्यादेपुरता आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घ्यावा. लांब दोरीवर सराव करताना मात्र दोरी गळ्यातील पट्ट्याला कधीही बांधू नये, छातीच्या हार्नेसला बांधावी. पूर्ण वेगातील कुत्रा दोरीच्या टोकाला गळ्यावर थांबला तर मानेच्या मणक्याला इजा होते.

हाक शिकवण्यासाठी मी एक शीळ ठरवते आणि ती पिल्लू घरी आल्याच्या दिवसापासून जेवणाच्या ताटलीशी जोडते. शीळ वाजते, ताटली खाली येते, दुसरे काही नाही. महिनाभर ती शीळ मी इतर कशासाठीही वापरत नाही. मग घरातल्या दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून, मग दहा मीटरच्या दोरीवर मैदानातून बोलावते, आणि प्रत्येक वेळी पिल्लू आले की त्याला उकडलेल्या कलेजीचा तुकडा देऊन पुन्हा मोकळे सोडते. हे पुन्हा मोकळे सोडणे फार महत्त्वाचे आहे. आपण बहुतेक जण खेळ संपवायचा असतो तेव्हाच कुत्र्याला बोलावतो, म्हणून हाक म्हणजे मौजेचा शेवट असे त्याच्या मनात बसते. मी दहा वेळा बोलावले तर नऊ वेळा परत सोडते. उशिरा आला म्हणून एकदाही रागवायचे नाही, मग तो अर्ध्या तासाने आला तरी. आमच्या हरणी नावाच्या कुत्रीला शेताच्या बांधावरून परत फिरायला शिकायला 14 महिने लागले. पाच मिनिटांपेक्षा लांब सराव मी घेत नाही, कारण तेच तेच करायला लावले की ही जात नजर फिरवून उभी राहते, आणि धाक दाखवला तर माणसापासून कायमची दूर जाते. प्रशिक्षकाकडे ठेवू नका असे मी म्हटले ते यासाठी की ही शीळ ज्याच्याकडे परत यायचे त्यानेच वाजवायला हवी.

रिंगची तयारी याच्याच शेजारून होते. शोमध्ये परीक्षक कुत्रा उभा असताना त्याची ठेवण पाहतात, दात आणि हाडे हाताने तपासतात आणि मग त्याला सरळ व त्रिकोणात चालवून चाल पाहतात. जातीच्या मानकानुसार नराची उंची 27 ते 29 इंच आणि मादीची 25 ते 27 इंच अपेक्षित असते. पुढचे पाय खांद्याखाली सरळ हवेत आणि मागच्या पायांचे घोटे जमिनीला काटकोनात हवेत. जर्मन शेफर्डसारखा मागचा पाय ताणून याला उभे करू नये. हे उभे राहणे आरशासमोर पंधरा दिवसांत जमते. अनोळखी माणसाचा हात सोसणे मात्र पंधरा दिवसांत जमत नाही. हरणीच्या पहिल्या शोमध्ये परीक्षकांनी अगदी सौम्यपणे वरून हात पुढे केला आणि ती मागच्या पायांवर बसत गेली, शेपटी पोटाखाली, कान मागे चिकटलेले, आणि माझ्या हातातल्या दोरीतून मला तिची थरथर जाणवत होती. ठेवणीत ती त्या वर्गातील कोणाहून कमी नव्हती. चूक माझी होती. ती शेतावर आमच्याच माणसांत वाढली होती आणि तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा जो काळ पिल्लाला जग दाखवण्याचा असतो, तो मी लसी पूर्ण होण्याची वाट पाहण्यात घालवला होता.

तेव्हापासून मी पिल्लाला कडेवर घेऊन आठवडी बाजारात जाते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाच्या भीतीने त्याला जमिनीवर सोडत नाही, पण भाजीवाल्या मावशी, शाळेतली मुले, टोपी घातलेले, काठी घेतलेले असे सगळे लोक ते पाहते. रोज कोणीतरी एक नवा माणूस हनुवटीखालून हात लावून त्याचा ओठ उचलतो, पाठीवरून हात फिरवतो आणि खाऊ देतो. पुण्यात आपल्याला ही सोय माझ्यापेक्षा जास्त आहे. लिफ्ट, रखवालदार, शेजारच्या आजी, रिक्षाचा आवाज, सगळे दारातच आहे. कठीण धावणे आणि उड्या मात्र वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत टाळा, तोवर हाडांची वाढ चालू असते.

डॉक्टर निवडताना एक प्रश्न अवश्य विचारा, की या जातीच्या कुत्र्यांना आपण भूल कोणत्या औषधाने देता. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात आमच्या एका कुत्रीला नसबंदीसाठी वजनावरून हिशेब करून थायोपेंटोन दिले गेले. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची होती, ती उठून उभी राहिली दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि ती रात्र मी तिच्या अंगावर गोधडी घालून श्वास मोजत काढली. हे औषध रक्तातून चरबीत शिरते, म्हणून इतर कुत्रे लवकर शुद्धीवर येतात. या कुत्र्यांना चरबी नसते आणि त्यांच्या यकृतात या औषधाचा निचराही हळू होतो. आज याहून सुरक्षित औषधे सर्रास मिळतात, फक्त आपण आधी बोलले पाहिजे. गोचिडांकडेही लक्ष ठेवा. पावसाळ्यानंतर कुत्रा दोन दिवस गप्प बसला आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर गोचीडतापाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या.

आपण विचारलेल्या नाहीत अशा दोन गोष्टींविषयीही बोलते. हा कुत्रा आहे म्हटल्यावर कोणीतरी आपल्याला सशाच्या शिकारीला बोलावील. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि काटेरी तारांच्या कुंपणात कुत्र्याची कातडी फाटते ती वेगळीच. बांबूच्या काठीला दोरी आणि तिच्या टोकाला चिंधी बांधून गोल फिरवली तर याची धावण्याची सगळी हौस भागते. दुसरे, शोमध्ये पदक मिळाले की आठवड्याभरात आपल्याला जोडी लावण्यासाठी फोन येऊ लागतील. एका वेतात सहा-आठ पिल्ले होतात. त्यांतील प्रत्येकासाठी कुंपणाची जागा असलेले घर आपल्याला माहीत नसेल, आणि ते घर जमले नाही तर पिल्लू परत ठेवून घेण्याची तयारी नसेल, तर नकार द्यावा. मी 14 वर्षांत तीनच वेत घेतले आहेत आणि दोन कुत्रे चार-चार वर्षांनी माझ्याकडे परत आले आहेत.

पिल्लू ठरवण्याआधी हिवाळ्यात एखाद्या शोला कुत्र्याशिवाय जाऊन दिवसभर रिंगशेजारी बसा, कारवानी सांभाळणाऱ्यांशी बोला, आणि मग त्यांच्या घरी किंवा शेतावर जा. पिल्ले दाखवायला ते उत्सुक असतील, पण आपण त्यांना आई मोकळी सोडायला सांगा. ती दूर गेली की हाक मारायला सांगा, आणि ती येते का, येताना मान वर ठेवून येते की अंग चोरून, ते पाहा.